उपमेचें राज्य

लातूर किंवा नांदेड येथें ज्या घरांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसणारें मूल आहे, त्या घरांत एक वाक्य हटकून कानीं पडतें : ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचें ऊर्जागृह.’ वाक्य खोटें नाहीं. पण उपमा ही शास्त्राची दासी असावी. या उपमेनें स्वामिनीपण पत्करलें आहे, असा आमचा आक्षेप आहे.

तिच्या पोटीं दुसरी उपमा जन्मली. ऊर्जागृह म्हटलें कीं ज्वलन आलें. ज्वलनानें यंत्र गंजतें. गंजणें हेंच वार्धक्य! १९५६ सालीं अमेरिकेंतील डेनहॅम हर्मन यांनीं मुक्त मूलकें वार्धक्यास कारण होतात असें मांडलें, व १९७२ सालीं तंतुकणिकेकडे बोट दाखविलें. कल्पना मोहक खरीच. तंतुकणिकेस स्वतःचा डीएनए असतो व तो आईकडून येतो. मनुष्याच्या या डीएनएंतील सुमारें १६,५६९ अक्षरजोड्या १९८१ सालीं वाचल्या गेल्या. त्यांत जनुकें अवघीं ३७. हें इवलेंसें बाड चुलीशेजारींच ठेवलेलें. तेव्हां ठिणग्यांनीं तें जळत जाणार, म्हातारपण आणणार, कर्करोगासही वाट करून देणार, हें कोणासही पटावें.

पण पटणें निराळें आणि ठरणें निराळें. २००४ सालीं स्टॉकहोम येथील संशोधकांनीं असे उंदीर निपजविले कीं, ज्यांच्या तंतुकणिकेंतील डीएनएची नक्कल करणाऱ्या विकरास स्वतःच्या चुका दुरुस्त करतां येत नव्हत्या. सहा महिन्यांच्या सुमारास त्यांचे केस झडूं लागले, पाठीस पोक आला, हाडें ठिसूळ झालीं, आणि वर्ष भरण्यापूर्वींच निम्मे मेले. म्हणजे या बिघाडाचा वार्धक्याशीं संबंध आहे खास. परंतु पुढच्याच वर्षीं दिसून आलें कीं, त्यांच्या पेशींत मुक्त मूलकें फारशीं वाढलींच नव्हतीं! बाड जळलें नव्हतें. नकलणाऱ्याच्या हातून चुकलें होतें. शिवाय या चुका नैसर्गिक वार्धक्यांतल्यांहून कितीतरी अधिक होत्या. तेवढ्यानें सर्व उलगडा झाला असें म्हणवत नाहीं.

कर्करोगाचेंही तसेंच. अर्बुदाच्या पेशी प्राणवायू असतांही साखर आंबवितात, हें ओटो वारबुर्ग यांनीं गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत पाहिलें, आणि श्वसनाचा बिघाड हेंच रोगाचें मूळ ठरविलें. निरीक्षण टिकलें, निष्कर्ष टिकला नाहीं. पुष्कळ कर्कपेशींच्या तंतुकणिका चांगल्या कामसू आढळतात.

हा वाद पंडितांपुरताच असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण गंजाच्या उपमेवर गंज काढणाऱ्या गोळ्यांचा व्यापार उभा आहे. फिनलंडमध्यें सुमारें २९,००० धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या परीक्षेचा निकाल १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक निघाला! उपमा मात्र अद्याप सुखांत नांदते आहे.

आपल्याकडील चित्र पाहा. नातू सूत्र घोकतो आहे. शेजारीं आजी मशेरी लावीत बसली आहे. वडील तारुण्य टिकविणाऱ्या महागड्या गोळ्या घेऊन येत आहेत. तंबाखूनें डीएनएस इजा होते व तोंडाचा कर्करोग उद्भवतो, हें कोणत्याही उपमेच्या आधारावांचून सिद्ध झालेलें सत्य. तेवढें त्या घरांत कोणी उच्चारीत नाहीं.

शिक्षकांनीं ऊर्जागृह खुशाल सांगावें. पण उपमा कोठें संपते तेंही सांगावें. पेशीनें केव्हां मरावें याची सूचनाही तंतुकणिकेंतून निघते. कोणतें ऊर्जागृह असें करतें? उपमेची ही मर्यादा ज्यास उमगली, तो मुलगा गोळ्यांच्या डबीवरील मजकूर सावधपणें वाचील, आणि आजीपुढची मशेरीची डबी उचलावयास धजेल. पाठांतरानें प्रवेश मिळेल. पण हें धैर्य मिळावयाचें नाहीं.