नामांकन, टाळ्या आणि स्वयंपाकघर

२०२५ च्या आरंभी ऑस्कर पारितोषिकांची नामांकने जाहीर झाली, तेव्हा रविवारच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने आम्हांला अंगणात गाठले. त्याला सिनेमाचे विलक्षण वेड. कोणत्या चित्रपटाला किती नामांकने मिळाली, कोणाला डावलले गेले, हे सारे त्याला मुखोद्गत असते. "फादर, 'कॉन्क्लेव्ह'ला आठ नामांकने आहेत. तुम्हांला कसा वाटला?" आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तरलो, "ख्रिस्तसभेची नालस्ती करणारे असले चित्रपट न पाहिलेलेच बरे." तो नम्रपणे म्हणाला, "म्हणजे फादर, तुम्ही पाहिलेला नाही." आम्ही निरुत्तर झालो. ऐकीव गोष्टीवरून शेजाऱ्याचा न्याय करू नका, असे आम्हीच वेदीवरून सांगत असतो. शेजाऱ्याला जो नियम लागू, तो चित्रपटाला का नसावा?

त्या आठवड्यातच आम्ही 'कॉन्क्लेव्ह' पाहिला, आणि पुढे त्या तरुणाशी वाद घालता यावा म्हणून आणखी काही चित्रपट नव्याने पाहिले. आम्ही काही जाणकार समीक्षक नव्हे. सेमिनरीत असताना शनिवारी रात्री व्हिडिओवर दाखवले जाणारे चित्रपट डोळे भरून पाहणारे एक साधे रसिक, एवढीच आमची पात्रता. तेव्हा पुढील मते रसिकाची मते म्हणूनच वाचकांनी घ्यावीत.

चित्रपट बरा की वाईट हे ठरवण्याची दोन मापे आपण सर्रास वापरतो. एक गर्दीचे, दुसरे पारितोषिकाचे. दोन्ही अगदीच टाकाऊ नाहीत. हजारो माणसांना एखादी कथा जवळची वाटते, त्याला काही कारण असते. ऑस्करची नामांकनेही चित्रपट व्यवसायातीलच माणसे मते देऊन ठरवतात. परंतु ही मापे कितपत भरवशाची? १९४१ च्या चित्रपटांपैकी 'सिटिझन केन'ला नऊ नामांकने मिळाली, पण हाती आले ते केवळ पटकथेचे पारितोषिक. सर्वोत्कृष्ट ठरला दुसराच चित्रपट. पुढे चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात 'सिटिझन केन' आहे, त्याला मागे टाकणारा 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली' नाही. आपल्या मराठीतले उदाहरण घ्यावयाचे, तर संदीप सावंत यांचा 'श्वास'. २००४ साली भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठवला गेला. अखेरच्या पाचांत त्याला स्थान मिळाले नाही. म्हणून त्या कोकणातल्या आजोबांनी, नातवाची दृष्टी जाण्याआधी त्याला जग दाखवून आणण्यासाठी केलेली धडपड तसूभर तरी उणी ठरते काय?

मग रसिकाने कोणते माप घ्यावे? त्याचे उत्तर शोधताना आम्हांला तीन चित्रपटांचा उपयोग झाला.

पहिला आपल्या घराघरांतला. १९६५ चा 'द साउंड ऑफ म्युझिक' ज्या कॅथलिक घरात माहीत नाही, असे घर विरळाच. धर्मग्रामाच्या स्नेहसंमेलनात त्यातले एखादे गाणे ऐकू आले नाही, तर चुकल्याचुकल्यासारखे वाटते. दहा नामांकने, पाच पारितोषिके आणि अपार लोकप्रियता, असे दोन्ही मापांचे भाग्य त्याला लाभले. पाठलाग करणाऱ्यांच्या मोटारीचे भाग काढून घेऊन मठाधिकारिणीपुढे पापाची कबुली देणाऱ्या त्या दोन धर्मभगिनी आम्हांला आजही हसवतात. परंतु खऱ्या मारियाची हकीकत वाचली की चित्रपटाने किती गुळगुळीत केले आहे हे ध्यानी येते. मारिया आणि कॅप्टन फॉन ट्रॅप यांचा विवाह १९२७ साली झाला, म्हणजे जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत करण्याच्या अकरा वर्षे आधी. हे कुटुंब डोंगर ओलांडून पळाले नाही, आगगाडीने इटलीला गेले. आपण विवाह केला तो मुख्यतः मुलांच्या ओढीने, पतीवरचे प्रेम मागाहून रुजले, असे मारियानेच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. आम्हांला वाटते, ही खरी हकीकत अधिक ख्रिस्ती आहे. कर्तव्यातून हळूहळू उगवणारे प्रेम आपल्या कित्येक जुन्या संसारांनी पाहिले आहे. चित्रपटाने त्याऐवजी चांदण्यातली प्रीती दिली. गोड आहे, पण त्या गोडीखाली माणूस थोडा हरवला.

दुसरा चित्रपट, ज्याने आमची खोड मोडली तो 'कॉन्क्लेव्ह'. रॉबर्ट हॅरिस यांच्या २०१६ च्या कादंबरीवर एडवर्ड बर्गर यांनी २०२४ साली तो निर्माण केला. आठ नामांकनांपैकी पारितोषिक मिळाले ते रूपांतरित पटकथेला. पोप निवर्तले आहेत, आणि नव्या पोपच्या निवडणुकीची जबाबदारी कार्डिनल लॉरेन्स यांच्यावर आली आहे. राल्फ फाइन्झ यांनी साकारलेला हा थकलेला, प्रार्थना अवघड झालेला धर्मगुरू आम्हांला फारच खरा वाटला. एका प्रवचनात लॉरेन्स निश्चिततेच्या अहंकाराविषयी बोलतात: संशय मुळीच नसेल, तर श्रद्धेची गरजच उरणार नाही, असा त्याचा आशय. ज्यांनी ज्यांनी काळोख्या पहाटे मिस्सा अर्पण केली आहे, त्यांना त्यातली वेदना कळेल. मनाविरुद्ध जागलेली महत्त्वाकांक्षाही चित्रपटाने नेमकी पकडली आहे. लॉरेन्स अखेर स्वतःचेच नाव लिहून मतपत्रिका टाकतात, आणि त्याच क्षणी बाहेर स्फोट होऊन खिडकीच्या काचा कोसळतात. हा योगायोग जरा नाटकी खरा, पण मनाला जे सांगायचे ते सांगतो.

आक्षेप आहेत. त्यातला एक सेमिनरीत शिकलेल्या ख्रिस्तसभेच्या कायद्याचा. पोप एखाद्याला कार्डिनल नेमून त्याचे नाव गुप्त ठेवू शकतात; परंतु ते नाव जाहीर होण्यापूर्वीच पोप निवर्तले, तर त्या व्यक्तीला कार्डिनलचे अधिकार प्राप्त होत नाहीत. चित्रपटातील काबूलचे कार्डिनल बेनितेझ यांना म्हणूनच त्या दाराच्या आत पाऊल टाकता आले नसते. पण कथाकाराला एवढी मोकळीक द्यावी.

खरा आक्षेप निराळा आहे. या चित्रपटात प्रत्येकाजवळ एक गुपित आहे. कोणाचे जुने संबंध, कोणी मते विकत घेतलेली. एकेक गुपित उघडते आणि एकेक माणूस गळत जातो. गुपित कळले की त्या माणसात चित्रपटाला स्वारस्य उरत नाही. प्रायश्चित्ताच्या साक्रमेंतात आम्ही नेमके उलट अनुभवतो. तेथे गुपित सांगितल्यावरच माणूस भेटू लागतो. आणि शेवटी स्वतः बेनितेझ यांची पाळी येते. त्यांची जन्मजात शरीररचना सर्वस्वी पुरुषाची नाही, हे अखेरचे रहस्य. देवाने जसे घडवले तसाच मी आहे, असे ते शांतपणे सांगतात. ते दृश्य संयत आहे. पण काही मिनिटांतच चित्रपट संपतो. यात ख्रिस्तसभेचा अपमान झाला का, असे आम्हांला अनेकांनी विचारले. आमच्या मते मोठा प्रश्न दुसरा आहे. अशा देहाने जन्मलेली खरी माणसे जगात आहेत, त्यांचे आईवडील आपल्यासारखेच चर्चमध्ये येतात. त्यांचे जिणे हा प्रेक्षकाला शेवटी द्यावयाचा धक्का आहे काय?

असे असूनही या चित्रपटाने आम्हांला एक गोष्ट दाखवली, आणि तीसाठी आम्ही त्याचे ऋणी आहोत. कार्डिनल जेवायला बसतात. बेनितेझ यांना भोजनापूर्वीची प्रार्थना म्हणण्यास सांगितले जाते. नेहमीचे शब्द संपल्यावर ते थांबत नाहीत. उपाशी माणसांची आठवण करतात, आणि हे अन्न रांधणाऱ्या भगिनींचे आभार मानतात. सारे किंचित चमकतात. त्या भगिनी पडद्यावर सतत वावरत असतात, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. सिस्टर ॲग्नेस एकदाच उभी राहून बोलते: आम्ही अदृश्य असावे अशी अपेक्षा असली, तरी देवाने आम्हांलाही डोळे आणि कान दिले आहेत. या छोट्या भूमिकेसाठी इझाबेला रोसेलिनी यांना नामांकन मिळाले, ते योग्यच. चित्रपटाचे अखेरचे दृश्यही हसत बाहेर पडणाऱ्या भगिनींचेच आहे. परंतु ते लॉरेन्स यांच्या खिडकीतून, दुरून दिसते. स्वयंपाकघराचे दार चित्रपटाने किलकिले केले, आत मात्र तो गेला नाही.

त्या वर्षी २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस देवाघरी गेले आणि ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले. त्या दिवसांत जो तो आम्हांला चित्रपटातलेच प्रश्न विचारत होता. आम्ही उत्तरे देत होतो, कारण आता आम्ही तो पाहिला होता.

स्वयंपाकघरात शिरणारा चित्रपट म्हणजे 'बाबेत्स फीस्ट'. गॅब्रिएल ॲक्सेल यांचा १९८७ चा हा डॅनिश चित्रपट, कॅरेन ब्लिक्सन यांच्या कथेवरचा. परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर त्याला मिळाले, व्हॅटिकनच्या यादीतही तो आहे, आणि पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरील 'आमोरिस लेतित्सिया' या २०१६ च्या पत्रात त्याचा उल्लेख केला आहे. कथा एवढीशी. डेन्मार्कच्या ओसाड किनाऱ्यावर दोन वृद्ध बहिणी आपल्या दिवंगत धर्मोपदेशक पित्याची छोटी मंडळी सांभाळतात. सुकी मासळी आणि पावाची पेज, हे त्यांचे अन्न. पॅरिसमधील १८७१ च्या रक्तपातातून वाचलेली बाबेत त्यांच्याकडे आश्रयाला येते आणि चौदा वर्षे रांधते. एके दिवशी तिला सोडतीत दहा हजार फ्रँक मिळतात. उपदेशकाच्या जन्मशताब्दीला ती बारा जणांसाठी फ्रेंच भोजन करते. इतका थाट म्हणजे पापच, या भीतीने मंडळी ठरवतात की अन्नाविषयी अवाक्षर काढायचे नाही. पण घासागणिक जुनी भांडणे विरघळत जातात. एकमेकांना फसवलेले दोघे एकमेकांना क्षमा करतात. रात्री ती म्हातारी माणसे विहिरीभोवती हात धरून फेर धरतात. आणि मग कळते की बाबेतने सारे पैसे त्या एका जेवणावर खर्चून टाकले आहेत.

येथेही एक गुपित आहे: बाबेत ही एके काळी पॅरिसच्या नामांकित उपाहारगृहातील प्रमुख आचारी होती. पण हे गुपित उघडल्यावर माणूस लहान होत नाही, मोठा होतो. आमचे माप आम्हांला येथे सापडले. चित्रपट आपल्या माणसांची गुपिते कशासाठी उघडतो, त्यांना वगळण्यासाठी की ओळखण्यासाठी? गर्दी आणि पारितोषिके याचे उत्तर देत नाहीत; ते प्रत्येक रसिकाला स्वतःच, आणि चित्रपट पाहूनच, द्यावे लागते.

त्या तरुणाच्या खटपटीने आम्ही हा चित्रपट सभागृहात काही कुटुंबांना दाखवला. मधूनमधून मराठीत अर्थ सांगत होतो. शेवटी आम्ही उभे राहून भाकर, द्राक्षारस, बारा जण, अखेरचे भोजन आणि परमप्रसाद यांवर दहा मिनिटे बोललो. मागच्या बाकावर आमच्या निवासात वर्षानुवर्षे रांधणाऱ्या मावशी बसल्या होत्या. काही शंका आहे का, असे विचारताच त्या म्हणाल्या, "फादर, सगळ्यांना वाढलं तिनं. तिला कोण वाढलं?"

आम्ही तो चित्रपट दोनदा पाहिला होता, टिपणे काढली होती. हा प्रश्न आमच्या टिपणात नव्हता. त्या रात्री जेवताना आम्ही मावशींना समोर बसण्यास सांगितले. त्या बसल्या नाहीत. पोळ्या गार होतील म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा विचारले.