मेढशिंगी, धोतरा, बेशरम : नावांची एक उलटतपासणी

सात वर्षांपूर्वी एका स्थानिक साप्ताहिकाच्या पुरवणीत मी आमच्या डोंगरातल्या फुलांवर लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य असे होते : ‘आपल्याकडे उन्हाळ्यात फुलणारी मेढशिंगी मधुमेहावर गुणकारी मानली जाते.’ वाक्य सुटसुटीत होते, म्हणून संपादकांनी ते चौकटीत टाकले.

तीन महिन्यांनी मोताळा तालुक्यातल्या एका गावाहून फोन आला. तिथल्या एका निवृत्त गुरुजींनी ती चौकट कापून ठेवली होती. एका गुराख्याकडून त्यांनी मेढशिंगीची साल आणवली, काढा करून प्यायला सुरुवात केली आणि आपल्याच मनाने साखरेच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या. सहा दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले, एवढेच माझे नशीब. फोनवर त्यांच्या पत्नी होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “भाऊ, नाव एक असलं म्हून झाडबी एकच रायते का?”

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. पोटासाठी पतसंस्थेत हिशेब लिहितो आणि सुटीच्या दिवशी एसटीने जमेल तितका जिल्हा हिंडतो. माझ्याकडच्या वह्यांमध्ये झाडांपेक्षा नावे जास्त आहेत. त्यांतली लांब नळीच्या, तोंडाशी पसरट होणाऱ्या फुलांची काही नावे मी येथे तपासायला घेतली आहेत. अशा फुलांना इंग्रजीत ‘ट्रम्पेट’ म्हणतात आणि आपली अलीकडची पुस्तके ‘तुतारीच्या आकाराची फुले’ म्हणून मोकळी होतात. माझे म्हणणे असे, की हे वर्णन सोयीचे असले तरी आपल्या नावांची रीत ती नाही. आणि ही रीत न कळल्यामुळे चुका होतात. माझी झाली.

शेंगेवरून पडलेले नाव

प्रथम माझ्या चुकीचे झाड. बुलढाण्याहून राजूर घाटाने उतरताना किंवा ज्ञानगंगेच्या बाजूच्या डोंगरांत ऐन उन्हाळ्यात, बाकी रान उघडेबोडके असताना, एक मध्यम उंचीचे झाड पांढरे होते. फुलाची नळी लांब, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या चुरगळलेल्या. रात्री उमलायचे आणि सकाळी जमिनीवर सडा. हीच मेढशिंगी, शास्त्रीय नाव डोलिकँड्रोन फाल्काटा. इतक्या देखण्या फुलाचा नावात मात्र पत्ता नाही. नाव पडले आहे शेंगेवरून. वाकडी, लांब, मेंढ्याच्या शिंगासारखी. लॅटिन नावातला ‘फाल्काटा’ म्हणजे विळ्यासारखी. मेंढपाळाला शिंग दिसले, लॅटिन नाव देणाऱ्याला विळा दिसला, पण दोघांनीही शेंगच पाहिली. एका धनगर आजोबांना मी विचारले होते, की फुलावरून नाव का नाही? ते म्हणाले, “शेंग पाहा ना भाऊ, फूल तं दोन घडीचं.”

आता गोंधळ कुठे आहे ते पाहू. संस्कृतात मेषशृंगी नावाची वनस्पती मधुमेहाच्या संदर्भात येते. ती प्रामुख्याने गुडमार, म्हणजेच मधुनाशिनी. हा वेल आहे, झाड नव्हे. त्याचे पान चावले की काही वेळ साखरेची गोडी जिभेला कळत नाही. त्याचीही फळे शिंगासारखी टोकदार, म्हणून त्यालाही शिंगाचेच नाव. दोन वेगळ्या वनस्पती, दोघींच्या फळांत कुणाला तरी मेंढ्याचे शिंग दिसले, आणि नाव एकच झाले. मी पुस्तकातली मेषशृंगी आणि डोंगरातली मेढशिंगी एका वाक्यात बांधली. ‘गुणकारी मानली जाते’ असे लिहून मानणारा कोण, हे सांगायचे टाळले. आपल्या वनस्पतीविषयक ललित लेखनातला हा कर्मणी प्रयोग मला आता धोकादायक वाटतो.

ज्याने नाव दिले त्याचा अनुभव

दुसरे नाव धोतरा. उकिरड्यावर, गावठाणाच्या पडक्या भिंतीशी, शेताच्या धुऱ्यावर कुठेही उगवणारा. फूल वर तोंड करून उभे, फळ काटेरी. महाशिवरात्रीला फूल आणि फळ दोन्ही महादेवाला वाहतात. अमरकोशात याची जी नावे दिली आहेत त्यांत उन्मत्त आहे, कितव म्हणजे जुगारी आहे, धूर्त आहे, मदन आहे, आणि सोन्याच्या नावाचे म्हणून कनकाह्वयही आहे. यांतले एकही नाव फुलाच्या आकारावरून नाही. बहुतेक नावे धोतरा पोटात गेल्यावर माणसाचे काय होते, किंवा तो दुसऱ्याच्या पोटात घालणारा कसा असतो, ते सांगतात. धोतऱ्यात अॅट्रोपीन, स्कोपोलामीन ही अल्कलॉइडे असतात. तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो, प्रसंगी जीव जातो. ‘उन्मत्त’ हा शब्द म्हणजे लक्षणांची नोंदच आहे.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात धोतऱ्यावर एक स्वतंत्र संवाद आहे, आणि त्याला निमित्त आहे घरातल्या दासीला धोतरा चारून केलेल्या चोरीचे. म्हणजे ‘धूर्त’ हे नाव नुसते कोशातले नव्हते. चोरांना ते कृतीतून ठाऊक होते. पुढे लिनियसने १७५३ च्या ग्रंथात या वंशाचे नाव ‘दतुरा’ असेच ठेवले. आपले नाव जगाच्या शास्त्रात गेले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण गंमत पुढेच आहे. या वंशाचे मूळ अमेरिका खंडात आहे, असे आजचे वनस्पतिशास्त्र मानते. मग कोलंबसाच्या कितीतरी आधीच्या संस्कृत ग्रंथांत तो कसा? २००७ साली आर. गीता आणि वालीद घरायबेह यांनी जुने ग्रंथ आणि शिल्पे यांचे पुरावे मांडून धोतरा कोलंबसाच्या आधीच जुन्या जगात पोहोचला होता, असे प्रतिपादन केले. म्हणजे आपण ज्याला महादेवाइतका जुना समजतो तो कदाचित दूरचा पाहुणा. नावाने त्याला घरचा केला.

आता भाषांतराचा प्रश्न. इंग्रजीत वर तोंड केलेल्या धोतऱ्याला ‘सैतानाची तुतारी’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि त्याच्या नात्यातल्या, खाली लोंबणाऱ्या फुलांच्या ब्रुगमान्सियाला ‘देवदूताची तुतारी’. रोपवाटिकांमध्ये ही दुसरी हल्ली ‘एंजल ट्रम्पेट’ म्हणूनच मिळते. विषारी दोन्ही सारख्याच. ही नावे जशीच्या तशी मराठीत आणायची म्हटली, तर महादेवाच्या पिंडीवरचे फूल सैतानाचे होते आणि कुंडीतले विष देवदूताचे. शब्द भाषांतरित झाला, पण त्यामागचा देव, भीती, अनुभव सगळे उलटेपालटे झाले. घरात लहान मूल असलेल्या माणसाला ‘एंजल’ हा शब्द काय सावध करणार? ‘लोंबता धोतरा’ म्हटले, तर आजी मुलाचा हात आपोआप मागे ओढील.

शिवी झालेले नाव

तिसरे नाव बेशरम. आयपोमिया कार्निया, दक्षिण अमेरिकेतून आलेले, फिकट जांभळ्या-गुलाबी, नरसाळ्यासारख्या फुलांचे झुडूप. नाले, तलावाचे काठ, पाटाच्या कडा याने भरून गेल्या आहेत. नावाचे कारण वऱ्हाडात कुणीही सांगेल : “तोडून फेकलं तं फेकल्या जागी उगवते.” आमच्या पिढीने शाळेत बेशरमचा फोक पाठीवर घेतला आहे, आणि आज रस्त्यातल्या खड्ड्यात बेशरम लावून किंवा साहेबाच्या टेबलावर बेशरमाची फुले ठेवून केलेली आंदोलने वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. याहून नेमकी मराठी व्यंगकविता मला तरी क्वचित भेटली.

पण याही नावाने एक गोष्ट झाकली. बेशरमात स्वेन्सोनीन नावाचे विष असते. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, पण दुष्काळात हिरवे तेवढेच उरते, आणि एकदा चटक लागली की त्या तेच शोधत जातात. मग थरथर, अडखळती चाल, झडती तब्येत. ‘बेशरम’ हे नाव झुडपाचा चिवटपणा सांगते, विष सांगत नाही. लोकनाव म्हणजे शहाणपणाचा साठा, असे मी पूर्वी भाषणांतून सांगत असे. आता एवढेच म्हणतो : नाव देणाऱ्याला ज्याची गरज होती, तेवढेच शहाणपण त्या नावात असते.

आकार कुठे गेला?

यादी थोडी लांबवू. बूच : साल कॉर्कसारखी, बाटलीच्या बुचाला चालणारी. फुलांच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्याशिवाय वेणी होते, तरी नाव सालीचे. पिचकारी : आफ्रिकेतून आलेले झाड, कळी दाबली की पाण्याची चिळकांडी उडते, नाव पोरांनी दिलेले. बिट्टी : पिवळी कण्हेर, तिच्या बियांनी पोरे खेळतात, आणि त्याच बिया हृदयाला घातक विषाच्या. मराठी विश्वकोशाने बिग्नोनिएसीला ‘टेटू कुल’ आणि कॉन्व्हॉल्व्ह्युलेसीला ‘हरिणपदी कुल’ म्हटले, तेव्हाही त्या विद्वानांनी हीच रीत पाळली. हरिणपदी म्हणजे हरणाच्या खुरासारख्या पानांची. इतक्या सुंदर फुलांच्या कुळाला नाव मिळाले पानावरून.

म्हणजे शेंग, साल, पान, खेळ, विष, स्वभाव या सगळ्यांवरून आपण नावे दिली. फुलाच्या आकाराची आठवण झालीच तर घंटी आठवली, तुतारी नाही. याचे कारण मला असे वाटते, की आपल्याकडची तुतारी मुळात शिंगाच्या घराण्यातली. ती वळणदार, दरबाराची आणि रणाची. केशवसुतांनी १८९३ साली तिच्यावर कविता लिहिली, तेव्हा त्यांना हवी होती ती हाक, आकार नव्हे. सरळ नळीच्या, तोंडाशी फाकणाऱ्या विलायती वाद्याला आपण पिपाणी किंवा बिगुल म्हणतो. हा फरक किती खरा आहे, ते २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिसले. ‘ट्रम्पेट’ या चिन्हाचे मराठी नाव ‘तुतारी’ असे दिले गेले आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह असलेल्या पक्षाने मतदारांचा गोंधळ झाल्याची तक्रार केली. मला त्या राजकारणात रस नाही. कोशातल्या एका ओळीचे भाषांतर निष्काळजीपणे केले, तर ते मतपेटीपर्यंत पोहोचते, एवढाच मुद्दा.

लेखकांकडे एक मागणे

मराठीत झाडांवर उत्तम लिहिले गेले आहे. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’मधून महिन्यामहिन्याने झाड पाहायला शिकवले. मारुती चितमपल्लींनी जंगलात राहणाऱ्यांच्या तोंडचे शब्द गोळा केले. शरदिनी डहाणूकरांनी ‘वृक्षगान’, ‘फुलवा’मध्ये वैद्यकाची शिस्त आणि रसिकता एकत्र आणली. या तिघांकडे नाव आले ते कुणाला तरी विचारून, पाहून, पडताळून. त्यांच्या मागून आलेल्या आमच्यासारख्यांच्या लेखनात मात्र नाव हा दागिना झाला. परिच्छेदात पाच रानझाडांची नावे ओवली, की तो वाचनीय होतो. ते नाव कोणत्या गावचे, कोणाच्या तोंडचे, फळ दाखवून सांगितले की फूल दाखवून, हे लिहायचे राहून जाते. माझ्या सात वर्षांपूर्वीच्या लेखात अशी अठरा नावे होती. पैकी अकरा मी पुस्तकांतून उचलली होती.

यावर कुणी म्हणेल, शास्त्रीय नाव लिहा, प्रश्न मिटला. बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतींवर दिवाकर आणि शर्मा यांचा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २००० साली काढला आहे. माझ्यासारख्याला तो आधार आहे आणि लॅटिन नाव लिहायलाच हवे. पण गुरुजींनी गुराख्याकडे साल मागितली ती लॅटिनमध्ये नाही. चूक मराठीत झाली, तिची दुरुस्तीही मराठीतच व्हायला हवी. आता मी वहीत एका नावासमोर चार गोष्टी लिहितो : गाव, सांगणाऱ्याचा धंदा, त्याने झाडाचा कोणता भाग दाखवला, आणि त्याच नावाचे दुसरे काही आसपास आहे का. चौथ्या रकान्याने मला सगळ्यात जास्त शिकवले.

गेल्या वैशाखात मी गुरुजींच्या घरी गेलो. गोळ्या वेळेवर चालू होत्या. मी पिशवीत दोन गोष्टी नेल्या होत्या : मेढशिंगीची वाळलेली शेंग आणि गुडमारची वेल लावलेली एक कुंडी. दोन्ही त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवल्या. गुरुजींनी शेंग हातात घेऊन फिरवली, गुडमारचे पान तोडून चावले, आणि मग काकूंनी पुढे केलेल्या साखरेचे चार दाणे जिभेवर ठेवून बराच वेळ गप्प बसले.

“वाळूसारखी लागते,” ते म्हणाले. मग मला म्हणाले, “आता हे लिहा. पण दोन वेगळ्या ओळीत लिहा.”