चार लाख टन कोणी मोजले?

देवगाव फाटा परिसरातील एका शाळेच्या सहलीबरोबर गेल्या हिवाळ्यात जाण्याचा योग आला. पहाटे फाट्यावरून बस, जालनामार्गे वेरूळ, परतताना छत्रपती संभाजीनगरात हिमरू व पैठणीचे माग आणि रात्री उशिरा घर, असा एका दिवसाचा कार्यक्रम होता. सोबत गाईड होता. सहलपत्रकावर 'शैक्षणिक सहल' असे छापले होते. त्या विशेषणाला ही सहल कितपत उतरली, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी जमेची बाजू. कैलास लेणे कळसाकडून पायाकडे, म्हणजे वरून खाली कोरले गेले, हे गाईडने मुलांना नीट दाखवले. बांधकामाला लागते तशी उंच परांची त्यामुळे लागली नाही, हेही सांगितले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवे शतक, हा तपशीलही बरोबर होता. त्यानंतर आकडे आले. "इथून चार लाख टन दगड काढला, तोही अठरा वर्षांत!" मुलांनी वहीत उतरवून घेतले. नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, हे मोजलं कोणी?" गाईड हसून म्हणाला, "पुस्तकात आहे, बाळ." आणि आम्ही पुढे निघालो.

माझ्या मते त्या दिवसातला सर्वात शैक्षणिक क्षण तोच होता आणि तो आम्ही वाया घालवला. उत्तर शोधायला आठवी-नववीचे गणित पुरे आहे. परतीच्या बसमध्ये त्या मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही ते केले. कैलासाचे प्रांगण सुमारे ८४ मीटर लांब व ४७ मीटर रुंद आहे आणि मागची कातळभिंत सुमारे ३३ मीटर उंच आहे. तिन्हींचा गुणाकार केला की सुमारे १ लाख ३० हजार घनमीटर येतात. एक घनमीटर बेसाल्ट सुमारे २.९ टन भरतो. म्हणजे हा संपूर्ण चौकोनी ठोकळा काढून टाकला, आत मंदिराचा एक चिराही शिल्लक ठेवला नाही, तरी वजन पावणेचार लाख टनांच्या आसपासच राहते. डोंगर तर पुढच्या बाजूला उतरत येतो. तो उतार धरला की आकडा निम्म्याच्या जवळ येतो आणि मध्ये उभ्या असलेल्या मंदिराचा दगड वजा केला की आणखी खाली. चार लाख टन अशक्य आहेत. दोन लाख टन हा दुसरा प्रचलित आकडाही वरच्या बाजूचाच वाटतो. यातून कैलासाचा मोठेपणा उणावत नाही. दीड लाख टन धरले, तरी अठरा वर्षे रोज सुमारे २३ टन दगड फोडून बाहेर वाहून न्यावा लागतो. हे कळल्यावर त्या अनाम पाथरवटांबद्दलचा आदर वाढतोच.

मागांवरही तेच झाले. विणकर दहा मिनिटे माग चालवून दाखवतो, मग मुले विक्रीच्या दालनात जातात. "अस्सल पैठणीची उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसते," एवढे सांगितले गेले. का, ते सांगितले नाही. पैठणीच्या काठपदरात प्रत्येक रंगाचा बाणा स्वतंत्र छोट्या कांडीवर असतो. तो आपल्या नक्षीपुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे फिरतो. हिमरूत नक्षीचा जादा बाणा नको तिथे कापडाच्या मागून मोकळा जातो, म्हणून उलट बाजूला सुटे धागे दिसतात. दोन्ही कापडे उलटवून मुलांच्या हाती दिली असती, तर हा फरक त्यांनी स्वतःच शोधला असता. त्याऐवजी त्यांना किमती कळल्या.

दोष गाईडचा नाही. पन्नास मुले, पाऊण तास आणि पुढची तुकडी दारात, अशा स्थितीत तो गोष्टीच सांगणार. चूक आपली आहे, कारण शिकवण्याचे काम आपण त्याच्यावर सोपवून मोकळे झालो. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घरांतून हे सहलीचे पैसे आलेले असतात आणि अनेक मुलांचा वर्षातला तो एकच प्रवास असतो. दिवसाचा मोठा भाग बसमध्ये गेल्यावर उरलेला वेळ तरी त्यांच्या हातात असायला हवा.

शिवाय वेरूळच कशाला? फाट्यावरून जिंतूरच्या रस्त्याला लागले की चारठाणा येते. तिथे यादवकालीन मंदिरांचे अवशेष आहेत, बारव आहे, उंच कोरीव स्तंभ आहे. गाईड नसेना का! एका काठीच्या आणि स्तंभाच्या सावल्या एकाच वेळी मोजा, समरूप त्रिकोणांवरून स्तंभाची उंची काढा. बारवेच्या पायऱ्यांची उंची मोजून ठेवा आणि पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यात पाणी किती पायऱ्या उतरले ते पाहा. चिऱ्यांच्या सांध्यांत चुना दिसतो का, ते हात न लावता तपासा. 'हेमाडपंती' हे नाव तेराव्या शतकातल्या हेमाद्रीवरून पडले, पण याच परंपरेतले मानले जाणारे अंबरनाथचे मंदिर १०६० सालचे आहे, मग हे नाव कितपत योग्य, असा प्रश्न वर्गात टाका. येताना गावच्या कुंभाराकडे थांबा आणि भट्टीत मडके लाल का होते, ते त्याला विचारा.

वेरूळला जरूर जावे. मात्र शिक्षकाने आधी एकदा स्वतः जाऊन यावे, प्रत्येक गटाला एक मोजपट्टी आणि एकच प्रश्न द्यावा. आणि "हे मोजलं कोणी?" असे एखाद्या मुलीने विचारले, तर बस थोडी उशिरा सुटली तरी चालेल.