आपण शत्रू होऊ या

मुलांच्या चित्रपुस्तकावर मोठ्यांच्या मासिकात लिहावे काय, असे कोणी विचारील. परंतु बदलीच्या गावी मराठी बालवाङ्मय दुर्मिळ असते. मुलांनी शाळेच्या ग्रंथालयातून आणलेली इंग्रजी पुस्तके रात्री त्यांना मराठीतून सांगणे हा आमच्यासारख्या अनेकांचा नित्यक्रम होऊन बसला आहे. अशाच एका रात्री 'लेट्स बी एनिमीज' हे चिमुकले पुस्तक हाती आले आणि त्याने आमची फजिती केली.

हे पुस्तक अमेरिकेत १९६१ साली निघाले. लेखिका जॅनिस मे उड्री. चित्रे मॉरिस सेंडाक यांची. उड्रीबाईंच्या 'अ ट्री इज नाइस' या आधीच्या पुस्तकाच्या चित्रांना १९५७ चे कॅल्डिकॉट पदक मिळाले होते. सेंडाक यांना तेच पदक पुढे १९६४ मध्ये 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या पुस्तकाबद्दल मिळाले. त्यांच्या त्या विख्यात कृतीपुढे हे पुस्तक झाकोळले गेले, हे आमच्या मते योग्य झाले नाही.

कथानक दोन वाक्यांचे आहे. जॉन आणि जेम्स मित्र; आज मात्र जॉनच्या लेखी जेम्स शत्रू. कारण जेम्सला सदा पुढारीपण हवे असते: झेंडा त्याने धरायचा, रंगखडू सगळे त्याने घ्यायचे, खणायचा चांगला चमचा त्यानेच बळकावायचा आणि वर वाळू फेकायची. हे आरोपपत्र जॉन मोठ्या काळजीने तयार करतो. एखादा मुरलेला कारकूनही त्यात काही सुधारणा सुचवू शकणार नाही. मात्र एकदा दोघांनी कांजिण्याही बरोबरच काढल्या होत्या, ही प्रतिकूल नोंद तो त्याच कागदावर करून बसतो! मग जेम्सच्या घरी जाऊन तो शत्रुत्वाची सूचना समक्ष बजावतो. जेम्स ती तत्काळ मान्य करतो. निरोप घेतले जातात. आणि लगेच जॉन हाक मारतो की, चल, चाकांच्या बुटांवर खेळू. जेम्स निघतो आणि त्याला एक प्रेत्झेल देतो. हा तिकडचा खारा, पीळ दिलेला पदार्थ. आम्ही 'चकली' असे भाषांतर केले.

पुस्तक येथे संपते. आम्ही पान उलटून पाहिले. क्षमायाचना कोठेच नव्हती! आमची पिढी 'श्यामची आई'वर वाढलेली. तेथे आई चूक दाखवते, श्याम अश्रू ढाळतो आणि मग मन निर्मळ होते. ती रीत थोर आहे. पण तिला मध्ये एक आई लागते. उड्रीबाईंच्या गोष्टीत मध्ये पडून समेट करणारे कोणी नाही. आम्ही मुलीला म्हणालो, "पण जेम्सने माफी मागितलीच नाही." ती म्हणाली, "बाबा, चकली दिली ना त्याने!" तिच्या दृष्टीने प्रकरण निकालात निघाले होते.

आमच्या दृष्टीने निघाले नाही. एका जुन्या सहकाऱ्यांशी एका टिपणावरून आमची बोलाचाली झाली होती. प्रथम त्यांनी बोलावे म्हणून आम्ही दोन वर्षे समोरासमोरच्या टेबलांवर गप्प बसलो. मग त्यांची बदली झाली. निरोपसमारंभाला आम्ही रजा घेतली होती.

पुस्तकाचे एक वैगुण्य सांगितले पाहिजे. सारी हकीकत जॉनच्या तोंडची आहे. जेम्सची बाजू ऐकून घेतलेली नाही. शिवाय उद्या झेंडा पुन्हा जेम्सच धरील, यात शंका नाही. चमच्याची तक्रार प्रलंबितच राहते. बोध शोधणाऱ्या पालकांना हे खटकेल. आम्हांस मात्र येथेच लेखिकेचा प्रामाणिकपणा दिसतो: मित्र सुधारल्यावर नव्हे, तर तो आहे तसाच असताना जॉन त्याला खेळायला बोलावतो. सेंडाक यांची ठेंगणी, मोठ्या डोक्यांची मुलेही गोजिरवाणी नाहीत. ती सरळ रुसकी आहेत, आणि म्हणून ओळखीची वाटतात.

शीर्षकाचे भाषांतर करताना आणखी एक मौज ध्यानात आली. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना शब्द एकच. मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. म्हणून येथे 'आपण शत्रू होऊ या' असेच म्हणावे लागते, आणि ज्याच्याशी वैर धरायचे त्यालाच त्या 'आपण'मध्ये घ्यावे लागते. आपली मुले कट्टी घेतात तीही समोरच्याला सांगूनच. न सांगता घेतलेली कट्टी त्यांच्यात कोणी मोजीत नाही. ती पद्धत आमच्या कचेरीची.

त्या सहकाऱ्यांचा नवा पत्ता आता मिळवला आहे. पत्राचे तीन मसुदे झाले. तिन्हींत चूक कोणाची होती हा परिच्छेद अद्याप शिल्लक आहे.