सुधारक ओलवे यांची छायाचित्र-पत्रकारिता : घटना आणि स्थिती

प्रस्तावना

वृत्तपत्रीय छायाचित्र हे सर्वसाधारणपणे घटनेचे अपत्य मानले जाते. अपघात, दंगल, पूर असे काही घडले की छायाचित्रकार तेथे पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकाबरोबर त्याचे काम संपते. मुंबईचे छायाचित्र-पत्रकार सुधारक ओलवे यांची कारकीर्द या समजुतीला छेद देते. १९८८ पासून या व्यवसायात असलेल्या ओलवे यांना २००५ साली नॅशनल जिऑग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ उपक्रमाचा पुरस्कार मिळाला. २०१६ साली ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. प्रस्तुत लेखात मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरील त्यांच्या मालिकेचा विचार केला आहे.

मालिकेचे स्वरूप

या कृष्णधवल मालिकेत कोणतीही ‘घटना’ नाही. गटारात उतरणारा कामगार, कचऱ्याच्या गाडीवरील माणसे, त्यांची घरे व कुटुंबे हाच तिचा विषय आहे. हे काम करणारे बहुसंख्य दलित आहेत, ही बाब येथे गौण नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. कुटुंबाला आधार देणारी ही तरतूद त्याच वेळी जातीने लादलेले काम पुढील पिढीच्या हाती सोपवते. घराच्या चौकटीतील छायाचित्रे म्हणूनच महत्त्वाची ठरतात. कामाच्या जागी दिसणारी घाण धुता येते. घरात दिसणारा वारसा धुता येत नाही. कामगाराला नुसता कामगार न ठेवता पती, पिता, मुलगा म्हणून उभे करणे, हे या मालिकेचे खरे यश होय.

मर्यादा

तथापि एक प्रश्न उरतो. कॅमेरा पीडिताचा चेहरा दाखवतो; कंत्राट, अंदाजपत्रक आणि जातिव्यवस्था यांना चेहरा नसतो. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात करुणा जागते, पण जबाबदारी कोणाची हे निश्चित होत नाही. प्रदर्शनाच्या दालनात तर ही करुणा सौंदर्यानुभवात विरून जाण्याचा धोका असतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ साली कायदे झाले, तरी गटारांतील मृत्यू थांबले नाहीत. छायाचित्र पुरावा देऊ शकते, न्याय देऊ शकत नाही. मात्र हा दोष एकट्या छायाचित्रकाराचा नव्हे. पाहून पुढे जाणाऱ्या प्रेक्षकाचाही त्यात वाटा आहे.

समारोप

कर्जत-खालापूर परिसरात अध्यापन करणाऱ्यास हा विचार दूरचा वाटत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर आदिवासी वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबले. पायवाटेनेच जाता येणारी ही वाडी बाहेरच्या जगाने प्रथम पाहिली ती चिखलाखाली. तोवर इर्शाळगडाची छायाचित्रे पुष्कळ होती. वाडीची स्थिती हा मात्र विषय नव्हता. घटना घडण्यापूर्वी स्थितीकडे पाहणे, हीच ओलवे यांच्या छायाचित्रणाची शिकवण आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातील मोबाइल कॅमेरा भोवतालच्या वाड्यांकडे त्या दृष्टीने वळला, तरच पुरस्कारांच्या यादीपलीकडे या कारकिर्दीचा अर्थ आपल्याला उमगला असे म्हणता येईल.