कुस्तीच्या फडातला आवाज आणि हलगी

मराठी समीक्षेने पोवाडा पाहिला, लावणी पाहिली, तमाशातली बतावणीही उशिरा का होईना पाहिली. कुस्तीच्या मैदानातले निवेदन मात्र तिच्या कानी अजून पडलेले नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या यात्रेच्या फडात जाऊन बसावे. हौद्याच्या कडेला ध्वनिक्षेपक धरून एक गडी तासन्‌तास बोलत असतो. पुष्कळदा त्याने स्वतः एके काळी लंगोट कसलेला असतो. पैलवानकी सुटली तरी गळा उरतो. पैलवानाचे गाव, तालीम, वस्ताद तो तोंडपाठ सांगतो, मध्येच पोवाड्याच्या चालीवर चढतो आणि पट निघाला की पुन्हा गद्यावर उतरतो. कोथळीच्या शंकर पुजारींसारख्यांनी या कामाला पश्चिम महाराष्ट्रात मान मिळवून दिला.

हे मौखिक वाङ्मयच आहे. घिस्सा, ढाक, मोळी, कलाजंग, बाहेरली टांग हे शब्द त्याच्या तोंडी हालतात, घाम गाळतात. प्रस्थापित साहित्यिकाच्या ग्रामीण कथेत ते बहुतेक शोभेपुरते येतात. पण कौतुक इथे थांबवून, हा आवाज काय बोलत नाही तेही विचारले पाहिजे.

मातीला जात नसते, असे फडात नेहमी ऐकू येते. तालमीची माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून कमावलेली असते, आणि त्या मातीत उतरणारा देह दूध, तूप, बदामावर. ज्याच्या दावणीला म्हैस नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, त्या गावकुसाबाहेरच्या पोराला तालमीच्या दारात अडवण्याची गरजच काय? खुराकच त्याला अडवतो. राजर्षी शाहूंनी खासबाग मैदान बांधले हे निवेदक भक्तिभावाने सांगतो. त्याच शाहूंनी 1902 साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे मी फडात कधी ऐकले नाही. इनाम लावणाऱ्या पुढाऱ्यांची नावे मात्र दर दहा मिनिटांनी.

जानेवारी 2023 ची गोष्ट घ्या. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची अंतिम लढत सोलापूर जिल्ह्यातल्याच दोघांत झाली, महेंद्र गायकवाड आणि मोहोळचा सिकंदर शेख. बाहेरली टांग लागली की नाही, चार गुण योग्य की अयोग्य, यावर राज्यभर वाद पेटला आणि पाहता पाहता डावाची चर्चा धर्मावर गेली. सिकंदर हमालाचा मुलगा. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला त्याने गदा जिंकली, तेव्हा त्याच्या बापाच्या पाठीवरचे ओझे सगळ्यांना कौतुकाचे वाटले. गरिबी जिंकल्यावरच काव्यमय होते. हरलेल्या हमालाच्या पोरावर कोणी चाल बांधत नाही.

आता हलगी. निवेदनाचा ताल तिच्यातून येतो. कुस्ती अडली की ती दबकते, कब्जा मिळाला की उसळते. निवेदकाचा श्वास तिच्यावर टेकलेला असतो. हे वाद्य गावगाड्याने मातंगांच्या गळ्यात काम म्हणून अडकवले होते. 1925 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात वसतिगृह काढले, 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी हीन ठरवलेली कामे टाकून देण्यास सांगितले. तेव्हापासून हलगी टाकायची की वाजवायची, हा वाद आपल्या घराघरांत आहे. माझे मत असे की बलुते म्हणून वाजवायची असेल तर ती फोडावी. सुपारी घेऊन, आपला दर सांगून, कलावंत म्हणून वाजवायची असेल तर तिच्यासारखे वाद्य नाही. पण मग कलावंताला नाव असते. निवेदक कैलासवासी वस्तादाच्याही वस्तादाचे नाव घेतो, आणि त्याच्यापासून दोन हातांवर उभ्या माणसाला नुसते 'हलगीवाले, वाजवा' म्हणतो. कोणी सन्मान्य अपवाद असतील. ते मोजून दाखवता येतील इतके थोडे.

शाहीर अमर शेख बार्शीचे. त्यांच्या आवाजाचा अभ्यास होतो, तो झालाच पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या यात्रेला फडात जाऊन निवेदनही उतरवून घ्यावे, आणि उतरवताना हलगी मधली जागा म्हणून गाळू नये. शेवटची जोड लागण्यापूर्वी तो माणूस कडेला काड्या पेटवून चामडे शेकत बसतो. तिथे जाऊन आधी त्याचे नाव विचारावे.