परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस : दर्शन आणि गाभा

मुंबईतील परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसला इंग्रज सरदाराच्या ग्रामीण प्रासादाची उपमा देण्याचा प्रघात आहे. ही उपमा दर्शनी भागापुरतीच खरी होय. या वास्तूचा गाभा पोर्तुगीज अमदानीतील जेझुइट पाद्र्यांच्या मठाचा व प्रार्थनामंदिराचा आहे. इंग्लंडातही पाद्र्याचे घर पुढे धनिकाचे निवासस्थान झाल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतात; परंतु तेथे घराचे घरच राहते. परळास मंदिराचे घर करावे लागले, आणि वास्तुविचाराच्या दृष्टीने हा भेद मूलगामी आहे.

याचा उत्तम साक्षीदार बिशप हीबर. तो स्वतः श्रॉपशरमधील हॉडनेट येथे अनेक वर्षे रेक्टर होता. तेव्हा पाद्र्याचे घर कसे असते, हे त्याला कोणी सांगावयास नको होते. १८२५ साली परळ पाहून त्याने एकावर एक असलेली दोन भव्य, लांब दालने नोंदविली आणि खालचे भोजनगृह हे पूर्वीचे मंदिर असल्याची ऐकीव हकीकतही दिली. (ही मिळकत सरकारने एका पारशी गृहस्थाकडून विकत घेतली, असे त्याच्या कानी आले होते, इतरत्र ती १७२० च्या सुमारास जप्त झाल्याचे म्हटले आहे. ऐकीव माहितीचे असेच असते.)

त्या दालनांची लांबी येथे निर्णायक ठरते. निवासासाठी योजिलेल्या घरात खोल्यांचे परस्परसंबंध आधी ठरतात व आकार मागाहून येतो. येथे आकार आधीच ठरलेला होता. उपासकांसाठी योजिलेल्या लांबट जागेत जेवणाच्या पंगती बसल्या, वर नृत्यशाळा आली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने (गव्हर्नर, १८१९–२७) दोन्ही बाजूंस केलेली वाढही या मधल्या अक्षाला धरूनच आहे. तिला स्वतंत्र रचना म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते.

शब्दाचा अर्थ पालटला तरी धातू ओळखू यावा, तसे हे आहे. पुढेही तेच घडले. गव्हर्नरांनी हे स्थान सोडल्यावर १८९९ मध्ये हाफकिनची प्लेग-प्रयोगशाळा येथे आली; १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

म्हणून केवळ दर्शनी भागाची छायाचित्रे छापून ‘इंग्रजी वास्तू’ असा मथळा देणे अभ्यासकास शोभत नाही. एल्फिन्स्टनची भर वजा करून दोन्ही मजल्यांचे आराखडे स्वतंत्रपणे काढावेत व वसईच्या पडक्या मंदिरांच्या आराखड्यांशेजारी ठेवावेत.